समासातली सही

मानेसरच्या ज्या कंपनीत मी आता संशोधन करते, तिथे प्रयोगाच्या नोंदी टॅबलेटवर होतात. त्याला समास नसतो. मला समासाची फार आठवण येते.

माझे पप्पा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. मी पीएचडीला लागले तेव्हा त्यांनी एकच सल्ला दिला, तोही फाइलींचा: "जे केलं ते त्याच दिवशी लिहायचं. चुकलं तरी लिहायचं. खाली सही, तारीख." लॅबमध्ये मी वाढवायचे त्या पेशींबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की त्यांना दर दोन दिवसांनी खायला घालावं लागतं आणि रविवार कळत नाही. आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर सांगायचे, "बिल्कुल गाई पाळल्यासारखं आहे." मला राग यायचा. पण याहून बरं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

मी दोन प्रकारच्या पेशी वाढवत होते. एका तणासारख्या माजणाऱ्या, दुसऱ्या माझ्या खऱ्या कामाच्या, हळू वाढणाऱ्या. दोन्हींचे फ्लास्क एकाच वेळी उघडायचे नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पिपेटच्या नळीतून चार थेंब इकडचे तिकडे गेले, तर तण शेत खाऊन टाकतं आणि डोळ्यांना पत्ताही लागत नाही.

चौथ्या वर्षी पेपर पाठवण्याआधी पेशींची डीएनए तपासणी केली. माझ्या फ्लास्कमध्ये नुसतं तण होतं. दीड वर्षाचं काम पाण्यात गेलं. वही मागे चाळत गेले तर माझ्याच अक्षरात सापडलं: "घाई. दोन्ही फ्लास्क एकत्र उघडले. पिपेट एकच." तारीख चौदा एप्रिल.

त्या दिवशी जयंतीच्या कार्यक्रमात शिकणाऱ्या मुलांचा सत्कार होता. पप्पांचे तीन फोन आले होते, "अगं, सगळे विचारताहेत, निघ लवकर."

वही लॅबबाहेर न्यायची नसते. मी ती पिशवीत घालून घरी आले आणि म्हणाले, "सोडते मी हे. तुम्ही म्हणता ती सरकारी परीक्षा देते." ही परीक्षा त्यांनी चार वर्षं लावून धरली होती. आता ते खूश होतील असं मला वाटलं. कुठल्या दिवशी चुकलं, ते मात्र मी सांगितलं नाही.

"अच्छा, बघू वही."

फाइली चाळण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांना ते पान सापडलंच. तारीख दोनदा वाचली.

"मीच तीनदा फोन केला होता ना?"

"नाही पप्पा, हात माझा होता."

"तुझ्या गाइड सरांना हे पान दाखवलंस?"

"नाही. भीती वाटते."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या नोंदीशेजारी समासात सही केली आणि तारीख घातली. "चूक एकट्याची नसते, बेटा. चलो, उद्या दाखव. परीक्षेचं राहू दे."

मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पान वाचलं आणि मला यथेच्छ झापलं. मग समासावर बोट ठेवून विचारलं, "ये साइन किसका है?"

"मेरे सीनियर का, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि पप्पांच्या सहीखाली आपली सही केली. त्याच दुपारी मी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या नव्या पेशी बाहेर काढल्या.