डोळ्यांचा नळ

विद्यापीठाच्या रत्नागिरीतल्या संकुलात मी आरोग्य आणि सुरक्षा अधिकारी आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, तसलं पद. एक टेबल, एक कपाट, एक पिवळं हेल्मेट आणि सह्या करायला कार्डांचा गठ्ठा, एवढंच माझं खातं. आग विझवायच्या नळकांड्यांचा काटा हिरव्यात आहे का, गॅसचे सिलिंडर साखळीने बांधलेत का, वसतिगृहाच्या खानावळीतली रबरी नळी चिरलीय का, पावसात जिन्यावर शेवाळ धरलंय का, स्टोअरच्या फडताळाखाली विषारी फुरसं येऊन बसलंय का, हे बघत मी दिवसभर फिरतो. काही घडलं नाही म्हणजे माझं काम झालं. आणि काही घडलंच नाही की लोक विचारतात, हा माणूस करतो तरी काय?

मला राग लवकर येतो. चष्मा न लावता ॲसिड ओतणारा प्राध्यापक दिसला की मी त्याला मुलांसमोर झापतो. "देव तारी त्याला कोण मारी, साहेब," असं कुणी हसून म्हटलं की मी म्हणतो, देवाला कशाला कामाला लावता, चष्मा लावा. एवढं तोंड असलेला माणूस मी. तरी जे सांगायला बसलोय ते तोंडातून बाहेर पडायला मला सात वर्षं लागली.

आमचं संकुल शहराबाहेर सड्यावर आहे. सडा म्हणजे उघडं जांभ्याचं पठार. पावसाळ्यात त्यावर पाणीच पाणी, आणि मे महिन्यात तिथे चूळ भरायला पाणी नसतं. टँकर येतो, तो आधी वसतिगृहाला, मग उरलं तर आम्हाला. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला गळका नळ बघवत नाही. मलाही बघवला नाही, आणि सगळं तिथून सुरू झालं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात डोळे धुण्याचं एक यंत्र आहे. पत्र्याची पट्टी हाताने दाबली की खालून दोन बारीक कारंजी वर उडतात, त्यात डोळे उघडे धरून उभं राहायचं. सगळे त्याला डोळ्यांचा नळ म्हणतात. त्या प्रयोगशाळेचे परिचर म्हणजे मामा. शिपायांना, परिचरांना आमच्याकडे सरसकट मामाच म्हणतात, पण हे मामा खरोखर मामा वाटायचे. तीस वर्षं बाटल्या धुतलेल्या, हात सुरकुतलेले, आणि हत्यारांच्या बाबतीत सोवळे. त्यांच्या ड्रॉवरमधला पाना तेलकट फडक्यात गुंडाळलेला असायचा, आणि परत ठेवताना तो तसाच गुंडाळला नाही तर प्राध्यापकांचीसुद्धा खैर नसे.

मुलांना दर वर्षी जुलैत मी जे शिकवतो ते मामांनाही शिकवलं होतं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. डोळ्यात काही गेलं तर इकडेतिकडे पळायचं नाही. सरळ त्या नळाशी जायचं, पट्टी दाबायची, आणि पंधरा मिनिटं हलायचं नाही. मामा म्हणाले होते, "हलनार नाय सायेब. तुमी बोलल्याव ना, मग नाय हलनार."

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मामा सुट्टीवर गावी गेले होते, आंब्याच्या कामाला. प्रयोगशाळा बंद, चावी माझ्याकडे. मी फेरी मारायला आत गेलो तर डोळ्यांचा नळ थेंब थेंब गळत होता. खाली लावलेली बादली भरून वाहत होती. बाहेर मुलं एका बादलीत आंघोळी करत होती आणि इथे पाणी फुकट चाललेलं. मी मामांच्या ड्रॉवरमधून पाना काढला, भिंतीकडचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला. मनात म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न, पाऊस आला की वायसर बदलून घेऊ. पाना ड्रॉवरमध्ये टाकला आणि निघालो.

पाऊस आला. संकुल उघडायची गडबड सुरू झाली. प्रत्येक उपकरणाला सुतळीने एक कार्ड लटकवलेलं असतं, त्यावर महिन्याची तपासणी लिहायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एका दुपारी चाळीसेक कार्डं भरली. डोळ्यांच्या नळाच्या कार्डावर लिहिलं, 'तपासले, चालू स्थितीत', आणि सही ठोकली. पट्टी दाबून बघितली नाही. तो नळ कधी बिघडलाच नव्हता, म्हणून. व्हॉल्व्ह मी बंद केलाय हे मला त्या क्षणी आठवलंच नाही, ही गोष्ट मी आजवर कितीदा स्वतःला पटवायचा प्रयत्न केलाय. ती खरी आहे. पण तिचा उपयोग काही नाही.

जुलैत एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, मामा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची बाटली उघडत होते. पावसाळी हवेत चष्म्यावर वाफ धरते, म्हणून त्यांनी तो क्षणभर कपाळावर चढवला होता. झाकण अडकलेलं, त्यांनी हिसका दिला. द्रावण तोंडावर उडालं.

मी कॉरिडॉरमध्ये होतो. ओरडा ऐकून आत धावलो, तेव्हा मामा कोपऱ्यात वाकून उभे होते. दोन्ही तळहात पट्टीवर, चेहरा त्या दोन तोट्यांच्या वर. ते दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते, आणि आतून पाण्याऐवजी नुसती हवा येत होती. हुस्स. हुस्स. एक मुलगी त्यांचा हात धरून त्यांना पलीकडच्या बेसिनकडे ओढत होती आणि ते हलत नव्हते. "येल पानी," ते म्हणत होते. "सायबान सांगलंय हलायचा नाय. येल आता पानी." बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, पन्हळीतून धो धो पाणी पडत होतं.

मी त्यांना कमरेला धरून उचललं आणि बेसिनखाली घातलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. डावा डोळा वाचला, उजवा गेला.

त्या संध्याकाळी सगळे जिल्हा रुग्णालयात होते तेव्हा मी एकटा प्रयोगशाळेत गेलो आणि व्हॉल्व्हकडे बघत उभा राहिलो. तेव्हा मात्र सगळं आठवलं, टँकर, बादली, पाना, सगळं. मी जमिनीवर बसलो. आणि लाज वाटते सांगायला, पण मनात पहिला विचार मामांचा आला नाही. माझं नोकरीचं कंत्राट त्या महिन्याअखेर संपत होतं, तो आला.

चौकशी समिती नेमली. दोन ज्येष्ठ प्राध्यापक, आणि सदस्य सचिव म्हणून सुरक्षा अधिकारी, म्हणजे मीच. अपघाताचा अहवाल लिहिणं माझ्याच कामाच्या यादीत येतं. कुंपणाने शेत खाल्लं आणि पंचनामाही कुंपणानेच केला. समितीपुढे ते कार्ड आलं. जूनमध्ये नळ चालू होता असं माझ्या सहीने त्यावर लिहिलेलं, म्हणजे व्हॉल्व्ह त्यानंतर बंद झाला. त्यानंतर प्रयोगशाळा कुणाच्या ताब्यात होती? मामांच्या. हिशोब दोघा प्राध्यापकांनीच जुळवला. मी फक्त मान खाली घालून लिहीत गेलो.

मामा पट्टी बांधलेल्या डोळ्याने समोर खुर्चीत बसले होते. विचारलं, व्हॉल्व्ह तुम्ही बंद केला होता का? ते म्हणाले, "मला काय आठावत नाय, सायेब." बोलताना त्यांनी मान फिरवून डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना उजवीकडचं दिसत नाही म्हणून बघतायत.

मी लिहिलं, 'सदर व्हॉल्व्ह प्रयोगशाळा परिचराकडून अनवधानाने बंद राहिला असावा. चष्मा न वापरणे ही बाबही गंभीर आहे.' मामांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा बसला. माझं कंत्राट पुढे चालू राहिलं, आणि दोन वर्षांनी मी कायम झालो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत काय आहे ते फक्त मला माहीत होतं, किंवा असं मी समजत होतो.

त्यानंतर घरी सकाळी नळाला पाणी यायच्या आधी हवा आली की मी चमकतो. आमच्याकडे भाट्ये गावाच्या बाजूला पाणी ठरल्या वेळी येतं, आणि येताना आधी नळ खोकतो. हुस्स. बायको चहा ठेवत असते आणि मी बेसिन धरून उभा. ती विचारते, बरं वाटत नाही का? मी म्हणतो, पित्त झालंय. सात वर्षं मला पित्त होतंय. दर सोमवारी सकाळी मी जाऊन डोळ्यांच्या नळाची पट्टी दाबतो आणि साठ आकडे मोजतो. लोकांना वाटतं, काय कर्तव्यदक्ष माणूस. पाणी उडत असतं, आणि त्या पाण्यावर वाकलेली मामांची पाठ मला दिसत असते. मामा तेव्हा पलीकडच्या टेबलाशी जिवंत, धडधाकट बाटल्या धूत असायचे, तरी ती पाठ कोपऱ्यात दिसायचीच. जिवंत माणसाचं भूत असतं, यावर मी पूर्वी विश्वास ठेवला नसता.

ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. चहा आणून देत. उजवीकडून येणारी बाटली त्यांना दिसत नसे, म्हणून मान सतत जराशी वळवलेली. ते वळणं मी बघू शकत नसे. मी बोलेन बोलेन म्हणत राहिलो, आणि मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्या सुरक्षाविषयक जाणिवेवर चार शब्द बोललो. तेही केलं मी.

आमच्या कुंपणाच्या कडेला एका जुन्या आइनाच्या झाडाखाली एक काळा दगड आहे. तो या जागेचा राखणदार. इमारत बांधताना ठेकेदाराने तेवढी जागा सोडली होती. दर वर्षी देवदिवाळीला तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. पूर्वी कोंबडा असायचा, आता नारळावर भागवतो. एकाने मोठ्याने देवापुढे म्हणणं मांडायचं, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. इतकी वर्षं गाऱ्हाणं मामाच घालायचे. या वर्षी ते नोकरीत नाहीत म्हटल्यावर संकुलाचे संचालक हसत माझ्याकडे वळले. "राखणीचं काम म्हणजे तुमचंच खातं. घाला तुम्ही." सगळे हसले. मामांनाही बोलावलं होतं. ते एसटीने आले होते आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, मान वळवून.

मी नारळ हातात धरला आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, सालाबादप्रमाणे हा नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे." व्हय म्हाराजा. "या सड्यावरच्या पोरांना सांभाळ." व्हय म्हाराजा. पुढचं वाक्य पाठ होतं, सगळ्यांनाच पाठ होतं. काय चुकलंमाकलं असेल तर. काय चुकलं ते मला माहीत होतं, मग असेल तर कशाला म्हणायचं?

"सात वर्षांपूर्वी डोळ्यांच्या नळाचा व्हॉल्व्ह मी बंद केला," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "जूनच्या कार्डावर न बघता सही मी केली. मामांचा डोळा त्यात गेला, आणि दोष मी त्यांच्यावर लिहिला. उद्या मी हे लेखी देतो, म्हाराजा."

संचालकांचं तोंड उघडंच राहिलं. मला फक्त आइनाची पानं ऐकू येत होती. मग मागून, खुर्चीतून, एकच आवाज आला, शांत आणि खणखणीत.

"व्हय म्हाराजा."

सगळे पांगल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, डाव्या बाजूने.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दवाखान्यात पडल्या पडल्या आठावला. सुट्टीवरनं आलो तवा पाना फडक्यात नव्हता. आनी चावी तुमच्याकडं व्हती."

"मग चौकशीत का बोलला नाहीत?"

त्यांनी खोबरं कपाळाला लावलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं, चौकशीच्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"तुमी सांगशाल म्हनून वाट बगत व्हतो, सायेब," ते म्हणाले. "निरोपाच्या दिवशीपन बगली."