महादूची रजा आणि मुंबईचा दाखला

मैत्रिणींनो, आपल्या महिला मंडळाच्या फलकावर आज पाककृतीऐवजी हे लावते आहे. सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

माझा धाकटा दीर महादू मुंबईला गिरणीत आहे. छातीच्या दुखण्यानं खंगून तो महिन्यापूर्वी बोटीनं दिघीला आला. "गावची हवा मानवेल, लगेच निघून ये," असं मीच कळवलं होतं. गावच्या वैद्यांची चिठ्ठी गिरणीला पाठवली आणि आम्ही निर्धास्त झालो.

आज गिरणीचं पत्र आलं. आजारपणाच्या रजेला कामगार विमा योजनेच्या डॉक्टरनं स्वतः तपासून दिलेला दाखला लागतो. तो दाखला असता तर आजारपणात महादूला कामावरून काढता आलं नसतं. आता आठ दिवसांत दाखला नाही आला, तर हजेरीपटावरून त्याचं नाव कमी होणार. आणि तो डॉक्टर मुंबईत.

"जातो की वयनी," महादू म्हणाला.

"अरे, ओटा चढताना धाप लागते तुला."

"मग बरंच हाय. बरा होऊन गेलो तर दाखला कोन देल?"

हसताना त्याला खोकल्याची उबळ आली.

उद्याच्या बोटीनं मीच त्याला घेऊन निघते आहे. तुमच्याही घरची माणसं गिरणीत आहेत. त्यांच्या विम्याचा डॉक्टर कोण, कुठे बसतो, हे तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?