काय, कोणी, काऊन

कुठलाही संगणक खोलीत आला की बाई आधी त्याचं झाकण काढायच्या. स्क्रू सोडवायच्या, आतला पंखा उचलायच्या, प्रोसेसरवरचा राखाडी लेप अंगठ्यानं पुसायच्या आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचायच्या. मग नवा लेप लावून सगळं जागच्या जागी बसवायचं आणि झाकणावर खडूनं प्रोसेसरचं नाव लिहायचं. अंगठा मात्र त्या दाराजवळच्या भिंतीला पुसत. आमच्या संगणक कक्षाच्या भिंतीवर अशा राखाडी अंगठ्यांची एक रांगच होती.

"आधी कुवत पाहू, सर," त्या म्हणायच्या. "मंग काम सांगू."

मी मराठीचा मास्तर. मार्कंड्याच्या देवळाकडं जाणाऱ्या बसरस्त्यावरचं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. माझे तास कमी पडतात असं प्राचार्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला संगणक कक्षाचा प्रमुख केलं. त्या दिवसापासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही. बाई कक्षात सहायक होत्या, करारावर. दर मार्चमध्ये त्यांना पुढचं वर्ष मिळणार की नाही ते ठरायचं. प्रमुख मी आणि काम येणाऱ्या त्या, अशी व्यवस्था तुम्हीही पुष्कळ ठिकाणी पाहिली असेल.

कक्षात बारा यंत्रं. काही भद्रावतीकडच्या वसाहतीतून जुनी म्हणून मिळालेली, काही राजुऱ्याच्या बंद पडलेल्या टायपिंग क्लासातली. एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. सात नंबरचं सर्वांत म्हातारं. जंगलातल्या गावांतून येणाऱ्या मुलांची बस रोज उशिरा पोचायची, तोवर बाकीची यंत्रं भरलेली असायची, म्हणून सात नंबर कायम त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी वाट्याला यायचं.

या यंत्रांवर बाई तयार प्रणाली घालत नसत. त्यांची प्रणाली कच्च्या शिध्यासारखी यायची आणि इथं रांधून घ्यावी लागायची. माणसानं लिहिलेल्या मजकुराचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्याला कंपायलर म्हणतात, एवढं मी पाठ केलं होतं. पण एका फाइलीत एक ओळ असते, तीत प्रोसेसरचं नाव लिहायचं असतं आणि त्या नावाप्रमाणे भाषांतर बदलतं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

"बाई, भाषांतर ते भाषांतर. त्यात प्रोसेसर कुठून आला?"

"सर, तुमी पाचवीले न् बारावीले एकाच भाषेत शिकवता का?"

"नाही."

"तेच हाय. नव्या प्रोसेसरले जादा शब्द येते. ते वापरले तर काम झटक्यात होते. पन जुन्याले ते शब्दच येत नाई. त्यानं काय कराव?"

मी मान डोलावली. मान डोलावणं हे माझं त्या खोलीतलं मुख्य काम होतं.

एकदा असंच एक यंत्र उघडलेलं असताना मी सहज विचारलं, "हा कुठल्या जातीचा?" आपण आंब्याबद्दल विचारतो, बैलाबद्दल विचारतो, तसंच. बाईंचा अंगठा थांबला.

"जात नाई, सर. कुवत म्हना. आमच्या आज्यानं तो शब्द नागपूरले जाऊन टाकून देल्ला."

रागावल्या नव्हत्या. पुन्हा पुसायला लागल्या. मी मात्र दिवसभर शरमलेला होतो, आणि तेव्हापासून कक्षात मीही कुवत म्हणू लागलो.

त्यांची आणखी एक रीत होती. त्या फाइलीत कुठलीही ओळ बदलली की तिच्याखाली तीन ओळी मराठीत लिहायच्या. काय, कोणी, काऊन. काय बदललं, कोणी बदललं, कशासाठी बदललं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं एक चिन्ह. मी लाल पेन बाळगणारा माणूस. पडद्यावर बोट ठेवून म्हणालो, "बाई, 'काऊन' नाही. लिहिताना 'का' लिहावं."

"काऊन?" त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघंही हसलो. शब्द तसाच राहिला.

"पण बाई, यंत्राला मराठी कळतं?"

"हे चिन्ह असलं का मशीन ती ओळ वाचतच नाई, सर. सोडून देते. ते मानसाईसाठी हाय. उद्या मी नसली तर मागच्यानं कोनाले विचाराव?"

त्या जानेवारीत आम्हाला एक नवं कोरं यंत्र मिळालं. जुन्या एक नंबरच्या जागी ते बसलं. बाईंनी रीतीप्रमाणे त्याचंही झाकण काढलं, अंगठा पुसला आणि भिंतीवर एक ठसा वाढला. फेब्रुवारीच्या एका सोमवारी कक्षाची तपासणी होती. समितीनं सगळी यंत्रं चालू पाहिली की बाईंच्या कराराला शिफारस मिळणार, असं प्राचार्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. बाईंनी ठरवलं की शनिवारी दुपारी नव्या यंत्रावर सगळी प्रणाली ताजी रांधायला लावायची. रविवारभर ते काम चालेल, सोमवारी सकाळी बाकीची अकरा यंत्रं तिथून आपोआप उचलतील आणि समितीला सगळं ताजं दिसेल. त्यांनी तयारी केली. बहिणीच्या घरी राजुऱ्याला कार्यक्रम होता, म्हणून एकची बस पकडायची होती.

"सर, दोन वाजता विजेची लाइन स्थिर झाली का हे एक बटन दाबा. बाकी काई करू नका."

मी दोन वाजेपर्यंत त्या खोलीत एकटा बसलो. समोर ती फाइल उघडी होती. आणि मला तीत चूक दिसली.

प्रोसेसरच्या ओळीत सात नंबरचं नाव होतं. ओळ पहिल्यापासूनची, कधी न बदललेली, म्हणून तिच्याखाली नोंदही नव्हती. झाकणावर खडूनं लिहिलेलं तेच नाव. मी दोनदा ताडून पाहिलं. काम नव्या यंत्रावर व्हायचं आहे आणि ओळीत नाव सगळ्यांत जुन्याचं. गडबडीत बाई बदलायला विसरल्या, असं माझ्या मनानं घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला चूक दिसली की हात आवरत नाही. मी मोबाइलवर शोधलं. तिथं कुणीतरी लिहिलं होतं की नाव लिहायचं नसेल तर एक शब्द लिहा, म्हणजे कंपायलर आपण ज्या यंत्रावर बसला आहे त्याची कुवत आपणच पाहील. मला तो शब्द फार आवडला. मी तो लिहिला. खाली तीन ओळी लिहायचं सुचलं नाही. उलट बाई परतल्या की त्यांना सांगून शाबासकी घ्यावी असा माझा बेत होता. मग बटण दाबलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो.

सोमवारी सकाळी नवं यंत्र वाऱ्यासारखं धावत होतं. बाकीची अकरा बंद. बंद म्हणजे दिवे लागायचे, पडद्यावर दोन इंग्रजी शब्द यायचे आणि सगळं तिथंच ठप्प. अमुक सूचना मला पाळता येत नाही, असा त्यांचा अर्थ आहे हे मला नंतर समजलं. नवं यंत्र आपल्याला येणाऱ्या शब्दांत रांधून बसलं होतं आणि म्हाताऱ्यांना त्यातला घास गिळता येईना.

बाई दहाच्या बसनं आल्या. दारातच थांबल्या. मग पिशवी खाली न ठेवता एक नंबरवर वाकून फाइल उघडली. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या ओळ वाचत होत्या, आणि ओळीखाली काहीच नव्हतं.

"ही लाइन कोनं बदलली?"

खोलीत मी होतो, शिपाई भाऊ होते, आणि प्राचार्य नुकतेच आत आले होते. बाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत विचारलं. मला आठवतं, माझं तोंड उघडलं होतं. प्राचार्य म्हणाले, "अहो, समिती अकराला येऊन राह्यली न तुम्ही लाइनी काय विचारून राह्यल्या? चालू करा आधी." आणि माझं तोंड मिटलं. एवढंच घडलं. याहून मोठी सबब माझ्यापाशी नाही.

जुनी प्रणाली त्यांनी पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली होती. एकेका यंत्रावर ती परत घालायला वेळ लागत होता. त्यांनी सुरुवात सात नंबरपासून केली. मी म्हणालो, "बाई, आधी पुढच्या रांगेतली करा, समितीला ती दिसतील." त्या म्हणाल्या, "बसवाले पोरं आता येईल, सर." समिती आली तेव्हा तीन यंत्रं चालू झाली होती. सात नंबरवर एक मुलगी बसून काम करत होती, पण ते मागच्या कोपऱ्यात. समितीनं पुढची रांग पाहिली, काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेली.

बाईंनी दोन दिवसांत सगळं पूर्ववत केलं. बुधवारी डब्यातली मोहाची भाकर मला रोजच्यासारखीच अर्धी दिली. त्यांना ठाऊक असेल तर त्यांनी ती दिली कशी, आणि ठाऊक नसेल तर शनिवारी खोलीत दुसरं होतं तरी कोण? मी त्या भाकरीचा घास चावत हाच विचार करत होतो. अजून करतो.

मार्चमध्ये शिफारस आली नाही. निरोपाच्या दिवशी मी सांगणार होतो. खरंच ठरवून गेलो होतो. बाई खडूची अक्षरं नव्यानं गिरवत होत्या. म्हणाल्या, "सर, कुवत पाहून काम सांगत जा पोराईले." मी मान डोलावली.

मग वर्षभर कक्ष जसा तसा चालला. मी त्या फाइलीकडे फिरकलो नाही. गेल्या महिन्यात चार नंबर बिघडलं, दुसरं आणलं, आणि ती फाइल उघडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. प्रोसेसरच्या ओळीत पुन्हा सात नंबरचं नाव होतं. ते तिथं चुकून कधीच नव्हतं. सातला जे झेपतं ते बाराही यंत्रांना झेपतं, एवढा साधा हिशेब मराठीच्या मास्तरालाही कळायला हवा होता. ओळीखाली त्या शनिवारची नोंद होती, बाईंनी मागाहून केलेली.

काय: सातचं नाव काढलं, नव्या मशीनवर सोपवलं.

कोणी:

काऊन:

पुढं रिकामं. बाकीच्या फाइलीत एकही नोंद अशी अर्धी नाही, मी वरपासून खालपर्यंत पाहिली. कोणी ते त्यांना माहीत नव्हतं म्हणून जागा मोकळी सोडली, की माहीत होतं म्हणून सोडली? बसवाली मुलं आली, सात नंबर सुरू झालं, तरी मी त्या दोन ओळींसमोर बसूनच होतो.

मग 'कोणी'पुढं माझं नाव लिहिलं. 'काऊन'पुढं लिहिलं, 'मले वाटलं बाई चुकल्या.' वाक्य आपसूक त्यांच्या बोलीत उतरलं. लाल पेनवाल्या माणसानं ते तसंच ठेवलं.

बाई आता कुठं आहेत ते नक्की कुणाला माहीत नाही. शिपाई भाऊ म्हणतात भद्रावतीला, कुणी म्हणतं त्या सीमेपलीकडं तेलंगणात गेल्या. त्यांचा फोन लागत नाही. मी फाइल जतन केली. यंत्रानं त्या ओळी वाचल्या नाहीत, सोडून दिल्या. आणि ज्या माणसासाठी त्या होत्या, त्याच्या अंगठ्याचे ठसे तेवढे दाराजवळच्या भिंतीवर आहेत.