मेलेल्या घोड्याची झूल
ह्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय. काल नातू त्यांचा लोकरीचा कोट घालून समोर आला, तंबाखूचा वास सुटला आणि मला ती घोडी आठवली. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा हे मलकापूर-बुलढाणा टांगा हाकत. घोडा-घोडी कित्येक वर्षं एकाच दांडीला जुंपलेली. एका उन्हाळ्यात घाट चढून आलेला घोडा पोट फुगून मेला. त्याला लगेच ओढून नेलं, घोडीला हुंगूही दिलं नाही. तिनं चंदी खाणं टाकलं, दाराकडे तोंड करून दिवसभर खिंकाळायची. ह्यांनी रोहिणखेडहून नवा घोडा आणला, तर घोडी त्याला लाथा झाडायला लागली. “जुन्याची झूल टाका त्याच्यावर,” मीच म्हटलं, “जनावर वासालेच ओयखते.” झूल हुंगताच घोडीचे कान उभे राहिले, हलकेच फुरफुरली. हुंगत हुंगत मानेवरून तोंडापर्यंत गेली, तिथं थांबली, मागं सरली आणि भिंतीकडे वळून उभी राहिली. पुढं तिनं नव्यासोबत टांगा ओढला, पण खिंकाळली कधीच नाही. “तिले आस लावाले नव्हती पाहिजे,” एवढंच हे तेव्हा बोलले होते. “आजी, मी आबासारखा दिसतो न?” नातू विचारत होता. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.