बुडालेल्या राजाचं चिलखत

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की खिडकीबाहेर कुणी ओली चादर टांगून ठेवलीय असं वाटावं. बारकीने उठल्या उठल्या चहाचं आधण नाही, आधी हवा बघितली. काचेवर बोट ओढलं, बोट ओलं झालं. म्हणजे वॉर्निश मारायचं काम बोंबललं. असल्या दमट हवेत फवारा मारला की रंगावर पांढरी साय धरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. न मारावं तर रंग उघडाच, नुसतं फडकं घासलं तरी निघायचा.

"निघ बाबा आता," ती धुक्याला म्हणाली. दारात ठाण मांडून बसलेल्या पाहुण्याला मनातल्या मनात म्हणतात, तसं.

टेबलावर काचेच्या बरणीखाली राजा उभा होता. अंगठ्याएवढा. समुद्रात बुडून मेलेला आणि कैक वर्षांनी चालत बाहेर आलेला, असा पटावर मांडायच्या खेळातला राजा. अंगावर पितळी चिलखत, त्याच्या सांध्यांत हिरवा कळंक चढलेला, गुडघ्यावर मार खाल्लेला पोचा. खरं तर पितळ कुठलं न काय, आत राखाडी प्लॅस्टिक. सोनेरी चकाकी डबीत तयार मिळते, पण बारकी तिला शिवत नाही. तपकिरी, पिवळा, चिमूटभर हिरवा आणि केसाएवढा पांढरा, एवढ्यात ती पितळ उभं करते. उजेड कुठे बसेल, कुठून घरंगळेल, कुठल्या कडेवर टोचेल, हे डोळ्यांत पक्कं असलं की झालं.

ते तिच्या डोळ्यांत पक्कं केलं नानांनी, तिच्या वडिलांनी. नाना जन्मभर ढाली आणि कप बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिशला होते. कपाच्या डोक्यावर तो धावणारा, चेंडू मारणारा पितळी माणूस असतो ना, तो उजळवायचं काम त्यांचं. लहानपणी तिला मांडीवर घेऊन ते तो माणूस दिव्याखाली फिरवायचे. "बघ बारके, खांद्यावर दिवा लागला. आता विझला. आता गुडघ्यावर." धाकटी म्हणून बारकी. आता चाळिशी उलटली, अंगानेही चांगली भरली, पण नाव तेच राहिलं.

आता नानांना शर्टाचं बटण लावता येत नाही. आपल्या लेकीला ते "बाई" म्हणतात, अहो-जाहो करतात आणि जेवण झाल्यावर तिचे आभार मानतात. पण खिशातलं फडकं आणि पॉलिशची वडी त्यांनी अजून सोडलेली नाही. बारकीच्या टेबलावर असा खेळातला कळकलेला शिपाई दिसला की झालंच, उचलून घासायला घ्यायचे. तिने हिसकावून घ्यायचं आणि त्यांनी चोरी पकडल्यासारखं ओशाळायचं, हे नेहमीचं. मात्र हिसकावण्याआधीच्या त्या घटकाभरात दोनदा तिने ऐकलं होतं, "बारके, जरा दिवा इकडे कर." बाई नव्हे. बारके.

मग ती हाक पुन्हा ऐकायला तिने काय काय नाही केलं? भंगारवाल्याकडून गंजक्या कड्या आणल्या. नाना म्हणाले, "लोखंडाला आम्ही हात लावत नाही." कुठूनसा एक जुना कप आणला, तो एका सकाळीत लखलखीत झाला आणि पुन्हा काळा पडायचं नाव घेईना. शेवटी एका स्वस्तातल्या शिपायावर घाईघाईने कळंक रंगवून त्यांच्या हातात दिला. नानांनी फिरवून बघितला आणि बाजूला ठेवला. "हा कळंक नाही हो बाई. रंग फासलाय." म्हणजे तिचं उत्तमातलं उत्तम कामच तेवढं त्यांना खरं वाटायचं, आणि तेवढंच ते पुसायचे.

"त्यांच्या खोलीला कडी घाल ना," दादा, तिचा भाऊ, फोनवरून सल्ला द्यायचा. सल्ले द्यायला त्याचं काय जातंय! एकदा घातलीही कडी. नाना आतून हळूच दार ठोठावून विचारत होते, "साहेब, सुट्टी झाली का?" पुन्हा तिने कडीला हात लावला नाही.

आज दुपारी चष्मेवाला यायचा होता. असल्या पटावरच्या खेळांच्या दुकानाचा मालक, जाड भिंगांमुळे तिने त्याला पाडलेलं नाव. राजाला तो प्रदर्शनात नेणार होता आणि राजाखाली पहिल्यांदाच तिच्या नावाची पट्टी लागणार होती. तिने बरणीसकट राजा कपाटावर चढवला, पार मागे. नाना डुलकी घेत होते. ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती गच्चीवर गेली, कपड्यांपेक्षा धुकं बघायलाच जास्त.

वरच्या काकू तिथे होत्याच. "काय गं, झाला का तुझा राजा? एवढ्या दिवसांत माझी दोन नातवंडं चालायला लागली."

"तुमच्या नातवंडांना चिलखत कुठे घालायचं असतं, काकू?"

"घालायला हवं, इतकी आपटतात!"

दोघी हसल्या. धुकं जरा विरळ झालं. आता मारता येईल वॉर्निश, म्हणून बारकीने बादली तशीच जिन्यात टेकवली आणि धावत खाली आली.

कपाटाला स्टूल टेकलेलं. बरणी पलंगावर आडवी. नाना खिडकीपाशी बसलेले, चिमटीत राजा, अंगठ्यावर फडकं. ज्या बोटांना बटण सापडत नाही ती बोटं काखेतून, सांध्यातून अशी सफाईने फिरत होती की बघत राहावं. हिरवा गेला होता. तपकिरी जात होता.

ती ओरडायला गेली.

"बारके," नाना मान वर न करता म्हणाले, "दार लोट. धूळ येते."

तिने दार लोटलं. एक चिलखताची पाठ तेवढी शिल्लक होती, अजूनही वाचवता आली असती.

"केस पांढरे झाले की गं तुझे," नाना म्हणाले. आता ते तिच्याकडेच बघत होते. "जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते, नाना."

"बैस इथे."

ती बसली. नानांनी पाठही घासली. मग राजा उजेडात धरला, फिरवला, पुन्हा घासला, फुंकर मारली, पुन्हा घासला. त्यांचं कपाळ आक्रसलं.

"दिवा लागत नाही गं याच्यावर."

राखाडी, मळका, बोथट तुकडा. त्यावर काय दिवा लागणार, कप्पाळ!

"माझा हात गेला, बारके." आवाज इतका बारीक की तिला पुढे वाकावं लागलं. "हात गेला माझा."

रंग होता म्हणावं, तर नाना रंगाला फसले असं होतं. गप्प बसावं, तर हात गेला हे खरं ठरत होतं. बारकीने त्यांच्या हातातून राजा घेतला आणि भिंगाने बघतात तसा डोळ्याजवळ नेला.

"हात नाही गेला, नाना. मालच खोटा आहे."

"खोटा?"

"अगदी खोटा. पितळ नाहीच आत."

"तरीच!" नानांचे खांदे सैल पडले. "कुणी आणला हा असला माल?"

"आणला कुणीतरी."

"परत धाड. म्हणावं, आमच्याकडे चालत नाही असलं."

"धाडते."

फोन वाजला. चष्मेवाला, निघू का म्हणत होता. "नका निघू," ती म्हणाली, "राजा नाही राहिला." पलीकडून तो का, कसा, कधी असं विचारत राहिला. तिने फोन उपडा ठेवला.

नाना फडक्याची घडी घालत होते. खिडकीत ऊन आलं होतं, वॉर्निशला हवं होतं अगदी तसं.

"बाई," ते अदबीने म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का? तुम्हाला त्रास होतोय, पण..."

तिने पाणी दिलं. त्यांनी आभार मानले. मग तिला बादलीची आठवण झाली, आणि कपड्यांचे पिळे आंबूस व्हायच्या आत वाळत घालायला ती जिना चढून गेली.