अकराव्या मजल्यावरून दिसणारी पायरी

स्टुटगार्टमधलं आमचं जुनं घर आम्हाला मिळालं ते माझ्या बायकोने बूट काढले म्हणून.

घर बघायला आलेल्यांची रांग जिन्यातून खाली रस्त्यापर्यंत गेली होती. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. त्याआधी कित्येक महिने आम्ही घर शोधत होतो, आणि फोनवर मी माझ्या आडनावाचं एकेक अक्षर सांगून संपवेपर्यंत समोरच्याचं घर गेलेलं असायचं. त्या दिवशी लोक चिखलाच्या बुटांनी आत जाऊन टेपने भिंती मोजत होते. बायकोने मात्र सवयीने बूट दाराबाहेर काढले, भिंतीला नीट टेकवून ठेवले आणि मोज्यांवर आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला कुजबुजून म्हणालोसुद्धा, "अगं, इथे कोणी काढत नाही." तळमजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई जिन्यात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनीच नंतर घरमालकाला सांगितलं, की त्या बूट काढणाऱ्यांना द्या, ते जिना स्वच्छ ठेवतील.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. घरात आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, ताठ. शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला जर्मनमधल्या आदरार्थी 'तुम्ही'नेच हाक मारली.

जिना स्वच्छ ठेवणं ही त्या गावात गमतीची गोष्ट नाही. तिथे 'केरवोख' असते. म्हणजे झाडण्याचा आठवडा. मराठी माणसाला यातलं अर्धं आपोआप कळतं. आमच्या इमारतीत सहा घरं होती आणि एक लाकडी पाटी. ज्याच्या दाराच्या मुठीला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना, दाराच्या आतला बोळ, तळघराच्या पायऱ्या आणि दारापुढच्या दगडी पायऱ्यांपासून दिव्याच्या खांबापर्यंतचा फुटपाथ झाडायचा. शनिवारी दुपारच्या आत काम संपवून पाटी पुढच्या दारावर लटकवायची. मी मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, रोज झिंडेलफिंगेनला जाणारा, आणि शनिवारी सकाळी हातात झाडू. हे मी पुण्यात आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग इथलंच काय वाईट होतं?"

पहिल्या शनिवारी बाई माझं काम तपासायला आल्या. पायरीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, ते माझ्यासमोर धरलं आणि आत गेल्या. मी जिना पुन्हा झाडला. रागही आला, पण सहा महिन्यांनी दुसऱ्यांचे कोपरे मीच तपासू लागलो होतो.

पाटीचं खरं काम मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त ट्रॅमचालक एकटा राहायचा. एका शनिवारी दुपार झाली तरी त्याच्या दारावरची पाटी हलली नाही. बाई वर गेल्या, बेल वाजवत राहिल्या आणि शेवटी मला बोलावून दार उघडायला लावलं. तो तापाने फणफणून न्हाणीघरात पडला होता. अँब्युलन्स गेल्यावर बाईंनी जिन्यातच मला सांगितलं, "पाटी पुढे गेली नाही की बेल वाजवायची. एवढंच. झाडणं काय, कोणीही झाडेल."

आमची मुलगी त्याच घरात जन्मली. बाळाची गाडी कुठे ठेवायची याचे नियम बाईंनी ठरवले आणि पुढे मुलीला दुपारी सांभाळलंही त्यांनीच. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते, आणि तिच्या जर्मनला बाईंच्या श्वाबियन बोलीचा वास आहे.

मग समोरचा जुना छापखाना पाडला. तिथे काचेचा टॉवर उभा राहणार असल्याचा फलक लागला, त्यावर टेरेसवर वाइन पिणारी चार हसरी माणसं. दोन वर्षं आमच्या खिडक्या थरथरत होत्या. टॉवर पुरता वर गेला तेव्हा दुपारी दोननंतर आमच्या घरात ऊन येणं बंद झालं. कोपऱ्यावरचा पाववाला गेला, त्याच्या जागी स्वयंपाकघरांचे नमुने मांडणारं दुकान आलं. पाठोपाठ त्याच टॉवरवाल्या कंपनीने आमची इमारत विकत घेतली. दुसऱ्या टप्प्यासाठी.

बाईंनी सगळ्यांना आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर आलूबुखारचा केक होता आणि वकिलाचं पत्र. पत्राचा अर्थ सोपा होता: जुन्या भाडेकरूंना सहज काढता येत नाही, बाईंना तर जवळजवळ नाहीच. पण एकेकाने सही करून घर सोडलं, तर गोष्ट वेगळी. सगळ्यांनी ठरवलं, कोणीही एकट्याने सही करायची नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "मला ते काढू शकत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मला भीती वाटते ती रिकाम्या जिन्याची." सगळे केककडे बघत राहिले. मला राहवलं नाही. मी माझ्या उत्तमात उत्तम जर्मनमध्ये म्हणालो, "आम्ही आहोत."

वर्षभरात ट्रॅमचालक बहिणीकडे गेला. बाईंच्या समोरच्या दारातलं ग्रीक जोडपं गेलं. वर एकत्र राहणारे विद्यार्थी गेले. त्यांच्या खालचं घर तर केव्हाच बंद होतं. पूर्वी सहा आठवड्यांनी येणारी पाटी चार आठवड्यांनी येऊ लागली, मग तिसऱ्या, मग आठवड्याआड. एक आठवडा बाई, एक आठवडा आम्ही. चार बंद दारांवरून आम्ही धूळ पुसत होतो.

कंपनीचा माणूस आमच्याकडे तीनदा आला. तरुण, गोड बोलणारा, हातात फाइल आणि मुलीसाठी चॉकलेट. त्याने आम्हाला टॉवरच्या तळातल्या ऑफिसात नेऊन पांढऱ्या थर्माकोलचं मॉडेल दाखवलं. टॉवर होता, रस्ता होता, दिव्याचा खांबसुद्धा होता. आमच्या घराच्या जागी स्पंजची तीन हिरवी झाडं होती. मी बघत राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "घर सोडणाऱ्यांना आम्ही टॉवरमध्ये सवलतीत फ्लॅट देतो. खरं सांगू? तुमच्यासारखे लोकच आम्हाला तिथे हवे आहेत."

कारणं खूप होती, आणि खरी होती. झोपायच्या खोलीत बुरशी धरली होती. मुलगी रात्रभर खोकायची. नवा मालक एक खिळा ठोकून देत नव्हता. पण सही कशामुळे झाली ते मला माहीत आहे. या देशात घराच्या बाबतीत 'तुम्हीच हवे' असं मला पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं आणि मी हुरळलो. त्याआधी बायकोचे बूट बघून तसं कोण म्हणालं होतं, याचा मला सोयीस्कर विसर पडला.

बाईंना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे आम्ही राहू दिलं. "आज नको, त्यांना सर्दी आहे," बायको म्हणायची. "वाढदिवस होऊन जाऊ दे," मी म्हणायचो. वाईट बातमी योग्य वेळ बघून सांगायची, ही आपली जुनी खोड. दोन महिने मी पाटी लटकवत राहिलो आणि दाराआड त्यांची चाहूल लागली की दबक्या पावलांनी वर पळत राहिलो. शेवटी सामान न्यायची गाडी ठरली तेव्हा गेलो. बायकोने डब्यात शिरा दिला होता, जणू त्याने काम सोपं होणार होतं.

मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुमची मुलगी कधीच बोलून गेली."

मी काहीतरी बुरशीबद्दल बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कितवा मजला?"

"अकरावा."

"रस्त्याच्या बाजूला?"

"हो."

"मग माझी पायरी दिसेल." त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "मी शनिवारी झाडते, तुम्हाला माहीत आहे. बघत जाल?"

मी म्हणालो, दर शनिवारी बघेन. तळहात छातीवर ठेवून म्हणालो. त्यांनी शिऱ्याचा डबा घेतला आणि धुऊन, पुसून, लगेच परत दिला.

शेवटच्या शनिवारी मी पाटी त्यांच्या दारावर लटकवली. ती आता तिथून हलणार नव्हती.

टॉवरमध्ये जिना कोण झाडतं ते मी आजवर पाहिलेलं नाही. आम्ही उठायच्या आधी कोणीतरी येऊन जातं. लिफ्टला अत्तराचा वास असतो. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नाही, बहुधा कोणीच राहत नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं पुष्कळ आहेत. मात्र शनिवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहायचो. दहाच्या सुमाराला बाई बाहेर यायच्या. तीन पायऱ्या, मग खांबापर्यंत फुटपाथ. झाडून झालं की कमरेवर हात ठेवून एकदा वर बघायच्या. आमच्या काचा आरशासारख्या, त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं. तरी मी हात करायचो. उन्हाळाभर एकही शनिवार मी चुकवला नाही, आणि त्याचा मला अभिमानही होता.

ऑक्टोबरमध्ये आम्ही वास्तुशांत केली. शनिवारच सोयीचा, म्हणून शनिवार. गुरुजी व्हिडिओवर पुण्याहून, होम म्हणून एक मेणबत्ती, कारण छतावरचा धुराचा अलार्म. झिंडेलफिंगेनहून, त्सुफेनहाउझेनहून ओळखीची मराठी मंडळी आली. सगळे आधी खिडकीकडे गेले.

"काय व्ह्यू आहे यार," एक मित्र म्हणाला. "आता बघ, एवढ्या उंचावर फ्लॅट म्हणजे तू तर मोठा माणूस झालास."

"आणि आधी कुठे होतात?" त्याच्या बायकोने विचारलं.

"ते काय, खाली," मी म्हणालो आणि बोटाने दाखवलं.

बोट दाखवताना मला दिसलं. बारा वाजत आले होते आणि तिन्ही पायऱ्या पानांनी भरलेल्या होत्या. पिवळी पानं, दारापासून खांबापर्यंत. कोणी झाडूच लावला नव्हता.

मला तेव्हाच कळलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तेवढ्यात मागून बायकोची हाक आली, "अरे, पानं वाढलीत, सगळ्यांना बसव." मनात म्हटलं, सर्दी असेल. मैत्रिणीकडे गेल्या असतील. जेवण झाल्यावर जाऊन येऊ. पण खरं कारण एवढंच, की सिल्कचा कुर्ता घालून, कपाळाला गंध लावून, श्रीखंडाच्या वासाने त्या जिन्यापुढे उभं राहायची मला लाज वाटत होती. जेवणानंतर चहा झाला, मग मुलांनी गाणी म्हटली, मग मंडळी निघाली आणि अंधार पडला. बेल वाजवायला मला खाली उतरून रस्ता ओलांडायचा होता, बाकी काही नाही.

रविवारी दुपारी आम्ही उरलेल्या पुऱ्या खात होतो. मुलगी खिडकीशी होती. "पापा, क्रांकेनवागेन," ती म्हणाली. मी उठून बघितलं तर अँब्युलन्स आमच्या जुन्या दारासमोर उभी होती.

बाई शनिवारी सकाळी झाडू घेऊन निघाल्या होत्या आणि दाराच्या आतल्या बोळातच घसरून पडल्या. खुबा मोडला. त्यांनी हाका मारल्या, पण इमारतीत कोणी नव्हतं. रविवारी चर्चमध्ये दिसल्या नाहीत म्हणून एक मैत्रीण बघायला आली, तोवर त्या एक अख्खा दिवस आणि रात्र थंड फरशीवर पडून होत्या.

त्या वाचल्या, पण घरी परत गेल्या नाहीत. आता त्या शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात आहेत, दोघींच्या खोलीत. त्यांचं घर रिकामं झालं आणि दुसऱ्या टप्प्याच्या आड येणारं कोणी उरलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खूप बारीक दिसल्या. मुलीची चौकशी केली, खोकला गेला का विचारलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच.

"तिथे पडल्या पडल्या मी एकच विचार करत होते," त्या म्हणाल्या. "की पायरी झाडलेली नाही. ते वरून बघतील आणि येतील. बारापर्यंत येतील. मग वाटलं, दोनपर्यंत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या खरोखरच विचारत होत्या. "दिसलं नाही का तुम्हाला?"

मी म्हणालो, "त्या दिवशी धुकं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरात धुकं असतंच." आणि त्यांनी माझा हात थोपटला.

वास्तुशांतीचे फोटो अजून फोनमध्ये आहेत. मित्राने खिडकीतून खालचा रस्ताही काढला होता. ऊन इतकं लख्ख पडलेलं आहे, की फोटो मोठा केला तर पायरीवरचं एकेक पान मोजता येतं.