होडीचं तोंड
परवा मालाडच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोतून काथ्याच्या ओल्या दोराचा वास आला आणि एकदम मढचं आमचं अंगण डोळ्यांसमोर आलं. सन पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबांनी आमची छोटी होडी शूटिंगवाल्यांना विकली होती. सिनेमात ती जाळायची होती. न्यायला एक बुटका पिकअप आला, मागे दोन चाकांचा गाडा जोडलेला. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात डिझेलचा धूर मिसळला. बाबा घराबाहेर आलेच नाहीत. होडी गाड्यावर चढवली ती मागची बाजू पुढे आणि तोंड आमच्या दाराकडे करून. दर नारळी पुनवेला आई त्याच तोंडाला हळदकुंकू लावायची. "भाऊ, फिरव ना तिला," ती ड्रायव्हरला म्हणाली, "घराकडे बघत जाईल रे ती." "मावशी, होडीच आहे ना? मागचं वजन जास्त आहे, अशीच न्यावी लागेल," म्हणत तो काथ्याचा ओला दोर आवळू लागला. मला त्याचा असा राग आला! आई आत गेली, बाबांचा जुना सदरा घेऊन आली आणि तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा तिनं तो होडीच्या तोंडाला बांधला. पिकअप खडखडत वळणाआड गेला. संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "तिला काही दिसलं तर नाही ना?" आई म्हणाली, "नाही. तुमच्या सदऱ्याचा वास होता तिच्याजवळ." बाबा ताटावरून उठले. परवा सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्नवर हॉर्न दिले, आणि मी गाडीची काच पूर्ण खाली करून तो वास घेत तशीच बसून राहिले.